गोदामाची लाइन

कंपनीत तिला सगळे ऑपरेटरबाई म्हणत. घरी ती सूनबाई होती आणि एका शाळकरी मुलीची आई. नवरा अपघातात गेला तेव्हा मुलगी नुकती रांगायला लागली होती. सासरे कोल्ड स्टोरेजमध्ये मुकादम. त्यांनी मालकांकडे शब्द टाकला आणि सुनेला टेलिफोनच्या बोर्डावर बसवलं. त्यानंतर दोघं एकाच छपराखाली राहिली, एकाच बसने कामावर गेली, पण बोलणं कायम कामापुरतं. "चहा ठेवू का बाबा?" "ठेव." "दिवा मालवू?" "मालव." गेलेल्याचं नाव घरात कोणी काढत नसे. त्यांनी काढलं तर ती कोसळेल असं त्यांना वाटे, आणि तिने काढलं तर ते कोसळतील असं तिला.

एक मात्र होतं. दुपारच्या सुट्टीत मुकादम तिच्या टेबलाशी यायचे, स्टूल ओढायचे आणि एकाच डब्यातून दोघं जेवायची. त्यात त्यांनी कधी खाडा केला नव्हता.

कंपनीचं काम म्हणजे गोठवलेला माल सांभाळायचा: मटार, मका, फळांचा गर. ऑफिसच्या मागे लांबलचक बोळ, बोळाच्या दोन्ही अंगांना जाडजूड सरकती दारं आणि प्रत्येक दारामागे मिशीवर बर्फ धरेल अशी थंडी. बोळात मोबाइल चालायचा, पण त्या पत्र्याच्या भिंतींआड खोल्यांत रेंज मिळत नसे. म्हणून प्रत्येक खोलीत दाराशेजारी एक लाल फोन भिंतीला ठोकलेला होता. त्याला ना तबकडी, ना बटणं. रिसीव्हर उचलला की इकडे ऑपरेटरबाईच्या बोर्डावर घंटी वाजायची आणि त्या खोलीचा दिवा लागायचा. "बाई, इथला बल्ब गेलाय, कुणाला तरी धाडा," एवढ्यासाठीच तो बहुतेक वापरात यायचा.

मग नवी सिस्टीम आली. कंपनीचा पसारा वाढला होता. गिऱ्हाइकं कुरकुर करायची की तुमचा फोन बघावं तेव्हा एंगेज. आता सगळे फोन इंटरनेटवरून चालणार होते. बाहेरून फोन आला की आधी एक गोड आवाजाची बाई स्वागत करणार, विक्रीसाठी एक दाबा, हिशोबासाठी दोन दाबा असं सांगणार, आणि फोन आपोआप योग्य टेबलावर जाणार. फिरतीवरच्या माणसाला ऑफिसचा फोन मोबाइलवर घेता येणार. एक बटण दाबून बोललं की ऑफिसातल्या आणि कँटीनमधल्या सगळ्या फोनमधून एकदम आवाज येणार. बोर्ड उचलून नेला आणि तिच्यासमोर एक स्क्रीन ठेवला.

खरं सांगायचं तर सकाळभर तिलाही ते आवडलं होतं. एरवी याच वेळी तिच्या कानाला कळ लागायची. आज फोन येत होते आणि तिला न विचारता आपापल्या वाटेने जात होते. थोडं सुटल्यासारखं वाटत होतं आणि थोडं अडगळीत पडल्यासारखंही.

बसवायला आलेला इंजिनिअर, त्याला सगळे फोनवाला म्हणत, दुपारी हात झटकत म्हणाला, "बाई, ऑफिसातले सगळे तपासून झाले. गोदामाचे लाल फोन एका डब्याला जोडलेत. ते जेवून आल्यावर बघू."

"बघू की. जा तुम्ही, जेवून या," ती म्हणाली.

तो समोरच्या खानावळीत गेला आणि मुकादम आले. अंगात जाड जॅकेट, कानांवर टोपी.

"बाबा, आज तुम्ही पुढे जेवून घ्या. माझं हे आवरत नाहीये."

ते जरा घुटमळले. "मग मी एक काम उरकून येतो. सोबतच बसू."

"बरं," ती म्हणाली. स्क्रीनवरून तिने मान वर केली नाही.

ऑफिस रिकामं झालं. सगळे अंगणापलीकडच्या कँटीनमध्ये गेले. कँटीनमधल्यांना वाटलं, मुकादम नेहमीसारखे सुनेपाशी असतील. सुनेचं त्यांच्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं; तिला वाटलं, ते कँटीनमध्ये जाऊन बसले असतील.

स्क्रीनवर एक ओळ उमटली: गोदाम. तिच्यापुढे लिहून आलं की स्वागताचा आवाज चालू आहे. थोड्या वेळाने ओळ गेली. पुन्हा उमटली, पुन्हा गेली. फोनवाला तपासत असेल, असं म्हणून तिने दुसरं काम हातात घेतलं. ओळ उमटतच राहिली. तेव्हा तिचं लक्ष खुर्चीवरच्या त्याच्या बॅगेकडे गेलं आणि तिला आठवलं, तो तर जेवायला गेलाय. मग गोदामातून फोन करतंय कोण? आणि जो कोणी आहे, त्याच्या कानात ती गोड बाई 'एक दाबा, दोन दाबा' म्हणतेय, आणि लाल फोनला तर बटणच नाही.

तिने ओळीवर बोट ठेवून फोन आपल्याकडे ओढला.

आधी नुसता श्वास ऐकू आला, मग दातांवर दात वाजल्याचा आवाज. "अहो बाई, ऐका तरी..."

"बाबा?"

"सूनबाई... क्रेटांची थप्पी पडली गं. दारावर. पाय निघत नाही."

"कोणत्या खोलीत आहात?"

फोन तुटला. स्वागत ऐकण्यातच मुदत संपत आली होती, आणि कोणी बटण दाबलं नाही म्हणून सिस्टीमने तो आपणहून तोडला होता.

तिने उलट फोन लावून पाहिला. लागेना. सगळ्या खोल्या एकाच नावावर होत्या आणि त्या नावाला नंबर नव्हता. जुन्या बोर्डावर दिवा लागला असता. इथे फक्त 'गोदाम'. ती उठली, दारापर्यंत धावली आणि थबकली. आपण गेलो आणि त्यांनी परत फोन उचलला, तर तो पुन्हा त्या गोड बाईकडे जाणार. थांबलो तर त्यांना शोधणार कोण? दारात उभ्या उभ्या तिला पुढेही जाववेना आणि मागेही फिरवेना.

तिने फोनवाल्याला मोबाइलवर गाठलं. त्याच्या तोंडात घास होता.

"गोदामाची लाइन माझ्या मोबाइलवर वळवा. आत्ताच्या आत्ता."

"बाई, त्यासाठी आधी मोबाइलमध्ये ॲप घ्यावं लागेल, मी आलो की..."

"माझे सासरे आत अडकलेत."

पलीकडे खुर्ची आपटल्याचा आवाज आला. "लिंक पाठवतो, फक्त हो हो म्हणत जा. आणि स्क्रीनवर खाली निळं बटण आहे, ते धरून बोला. सगळ्या फोनमधून ऐकू जाईल. मी निघालोच."

तिने निळं बटण धरलं. "मुकादम कोल्ड रूममध्ये अडकलेत. कोणत्या खोलीत ते माहीत नाही. सगळे गोदामाकडे या." रिकाम्या टेबलांवरच्या फोनमधून तिचाच आवाज तिच्याकडे परत आला, जरा मागाहून, परक्या बाईचा असावा तसा. दुसऱ्यांदा बोलताना तो फाटला. उत्तर कोण देणार? खुर्च्यांच्या पाठींवर नुसते स्वेटर लटकत होते. कँटीनमध्ये भांड्यांच्या खडखडाटात कोणाला ऐकू गेलं असेल की नाही, देव जाणे.

ओळ पुन्हा उमटली. या वेळी तिने ती उमटताक्षणी, स्वागत सुरू व्हायच्या आत उचलली.

"बाबा, रिसीव्हर ठेवू नका. बोलत राहा माझ्याशी. कोणती खोली?"

"झोप येतेय गं."

"झोपायचं नाही. समोर काय दिसतंय? मटार आहे की मका?"

"पांढरं आहे सगळं." शब्द जड झाले होते, जिभेवरून घसरत होते. मग ते अगदी साध्या आवाजात, घरात विचारावं तसं म्हणाले, "तो आला का गं घरी?"

इतक्या वर्षांत त्यांनी त्याची चौकशी पहिल्यांदा केली होती, आणि तीही अशी. खरं सांगावं तर ते तिथेच हात टेकतील, हे तिला कळत होतं.

"निघालाय," ती म्हणाली. "येतोच म्हणाला. तो येईपर्यंत तुम्ही जागे राहा, बाबा. नाहीतर मला रागावेल."

"रागीट आहेच तो," मुकादम म्हणाले. मग काहीतरी आपटलं. रिसीव्हर हातातून सुटून वायरीला लोंबकळत भिंतीवर टकटक आदळत राहिला. तिने हाका मारल्या. टकटक हळूहळू थांबली. लाइन मात्र चालू होती.

एका हाताने ती लिंकवर हो हो दाबत होती, तेवढ्यात मोबाइलवर ॲप उघडलं. फोनवाल्याने मेसेजमध्ये लिहिल्याप्रमाणे तिने ती लाइन मोबाइलवर ओढली आणि मोबाइल कानाला दाबून धावत सुटली.

बोळाच्या तोंडाशी माणसं दिसली तेव्हा तिला रडू फुटलं. कँटीनच्या फोनमधून आवाज गेला होता. स्वयंपाकी, हिशोबवाले, फोर्कलिफ्टवाला, हात न धुताच सगळे पळत आले होते. जो तो वेगळ्या दाराकडे धावत होता. दोन खोल्या उघडून झाल्या, तिथे कोणी नव्हतं. एकेक दार उघडून आतल्या थप्प्यांमागे बघायचं म्हणजे वेळ जाणार, आणि वेळच तर नव्हता.

"थांबा," ती ओरडली. "दारं उघडू नका. एकेक करून ठोका. बाकीचे गप्प राहा."

फोर्कलिफ्टवाल्याने लोखंडी पाना घेतला आणि पहिल्या दारावर मारला. तिने एक कान बोटाने बंद केला आणि दुसऱ्या कानात प्राण आणले. मोबाइलमध्ये फक्त पंख्याची घरघर. पुढचं दार. घरघर. त्याच्या पुढचं. तिला वाटायला लागलं की आपल्याला ऐकूच येत नाहीये, की लाइन केव्हाच मेली आहे आणि आपण उगाच माणसांना थांबवून ठेवलंय. डावी बाजू संपली. मॅनेजर काहीतरी बोलायला पुढे झाले, तिने हातानेच त्यांना गप्प केलं.

उजवीकडच्या एका दारावर पाना बसला आणि मोबाइलमध्ये, आतून, धप्प असा आवाज आला.

"हीच," ती म्हणाली. "हीच खोली."

दार सरकेना. आतून क्रेटांचा भार त्यावर रेलला होता. फोर्कलिफ्टचं पातं फटीत घालून जोर लावला तेव्हा पत्रा करकरला आणि माणूस आडवा शिरेल एवढी वाट झाली. फोनवाला तोवर धापा टाकत पोचला होता. सगळ्यांत सडपातळ तोच. तो आत शिरला आणि बराच वेळ त्याचा आवाज आला नाही. ती दाराला धरून उभी होती.

"श्वास आहे," तो आतून म्हणाला. "बाई, श्वास आहे."

मुकादमांना बाहेर आणलं तेव्हा त्यांच्या उजव्या हातात मोजा नव्हता. रिसीव्हर धरायला, तो ठेवून पुन्हा पुन्हा उचलायला, त्यांनी मोजा काढला होता. बोटं मेणासारखी दिसत होती. तिने तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि दवाखान्याच्या दारापर्यंत सोडला नाही.

दोन बोटं गेली ती गेलीच. पाय प्लास्टरमध्ये. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर आम्हीही काही करू शकलो नसतो. फोनवाला दवाखान्यात आला, पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला, आणि फळांची पिशवी हातात तशीच धरून निघूनही गेला. जाताना दारात तिला म्हणाला, "लाल फोनचं स्वागत काढून टाकलंय. सरळ तुम्हाला येईल, खोलीच्या नावासकट. तुम्ही नसाल तर मोबाइलवर. प्रत्येक खोलीत मी स्वतः उभा राहून बघितलं." तिने मान हलवली. त्याच्यावर चिडायचं तिच्या मनात होतं, पण 'जा, जेवून या' हे शब्द तिचेच होते.

मुकादमांना नीट शुद्ध आली त्या दुपारी ती डबा घेऊन गेली. त्यांना भरवावं लागत होतं. दोन घास झाल्यावर ते म्हणाले, "ती बाई कोण होती गं?"

"कुठली?"

"फोनवरची. किती विनवलं मी तिला, माझ्या सुनेला द्या, माझ्या सुनेला द्या. ऐकेचना. तिचं आपलं एक दाबा, दोन दाबा. मी म्हटलं, बाई, दाबू कुठे, इथे बटण आहे का?"

तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. "बाई नव्हती बाबा. मशीन होतं ते."

"मशीन?" ते विचारात पडले. "मी तिला नको नको ते बोललो. चांगल्या घरची असेल म्हणून मागून माफीही मागितली."

तिने पुढचा घास केला. त्यांनी तोंड उघडलं नाही. ते तिच्याकडे बघत होते.

"तुझ्याशीही काही बोललो का मी? अर्धवट आठवतंय."

खोटं सांगणं सोपं होतं. पण एकदा सांगून झालं होतं. "तुम्ही विचारलंत, तो घरी आला का."

मुकादमांनी मान भिंतीकडे वळवली. बँडेज बांधलेला हात चादरीवर तसाच पडून होता. त्यांनी विचारलं, "मग तू काय सांगितलंस?"

"निघालाय म्हटलं."

त्यांचे खांदे हलायला लागले. मुलगा गेला त्या दिवशीही तिने त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. तिने डबा खाली ठेवला, पलंगाच्या कडेवर बसली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग तिचाही बांध फुटला. शेजारच्या पलंगापाशी बसलेल्या बाईने शहाणपणाने पडदा ओढून घेतला.