शनिवारची वाफ

पुंडलिकने हेस्लॉपला काचेची नळी आणायला स्टोअरमध्ये पिटाळलं, तो दाराबाहेर पडल्याची खात्री केली आणि डब्याच्या पिशवीतून पितळेचं चाक बाहेर काढलं. चाक तळहातात मावेल एवढंच. पाण्याच्या टाकीमागे, पायपांवर गुंडाळलेल्या पट्ट्यांच्या आड, एक बोडका दांडा पुढे आलेला होता. बघणाऱ्याला वाटावं, जुना व्हॉल्व्ह आहे, केव्हाच निकामी झालेला. पुंडलिकने दांड्यावर चाक बसवलं, दीड वेढा फिरवला, गार पाणी टाकीत उतरल्याचा आवाज ऐकला आणि चाक काढून पुन्हा भाकरीच्या फडक्यात गुंडाळलं. थोड्या वेळाने मागच्या पंपाची घरघर थांबली.

हेस्लॉप नळी घेऊन आला. पंप गुमान चालला होता.

"आता ठीक आहे?" त्याने विचारलं.

"ठीक आहे. नळीची गरज पडली नाही," पुंडलिक म्हणाला.

हेस्लॉपने मान डोलावली आणि नळी टेबलाच्या खणात ठेवली. खणात आधीच्या पाच नळ्या होत्या. साडेसहा फुटांचा, पन्नाशीचा, लालबुंद मानेचा हा इंग्रज नोव्हेंबरात आल्यापासून दर शनिवारी आठ वाजता काही ना काही आणायला जात होता आणि दर वेळी पाव तासाने परतत होता. कधी नळी, कधी वॉशर, कधी तेलाचा डबा. आपल्याला शनिवारीच का पाठवतात, असा प्रश्न त्याला एकदाही पडला नव्हता. माणूस एवढा भोळा असू शकतो याचं पुंडलिकला पहिल्यांदा हसू आलं होतं. मग हसू ओसरलं आणि लाज उरली.

कुवेतमधल्या त्या हॉस्पिटलला लागणारी सगळी वाफ याच खोलीतून जायची. लाँड्रीला, स्वयंपाकघराला आणि ऑपरेशनची हत्यारं उकळायला. शुक्रवारच्या सुट्टीनंतर शनिवारी लाँड्रीत चादरींचा डोंगर असायचा. तिथलं कढत पाणी एकदम टाकीत परत यायचं, टाकी तापायची, पंप पाण्याऐवजी वाफ ओढायला लागायचा आणि दहा मिनिटांत बॉयलर बंद पडायचा. त्यावरचा उपाय म्हणजे मागचा गार पाण्याचा व्हॉल्व्ह दीड वेढा उघडणं. दीडच. जास्त उघडला तर वाफ पडते, कमी उघडला तर पंप हात टेकतो. आठ वर्षांत पुंडलिकने हे स्वतःच्या कानाने शोधलं होतं आणि कुठल्याही वहीत लिहिलेलं नव्हतं.

व्हॉल्व्हचं चाक त्याने काढून ठेवलं ते हेस्लॉप येणार हे कळल्यावर. बॉयलरचा ठेका एका ब्रिटिश कंपनीला मिळाला होता. कंपनीने आपला माणूस पाठवला. त्याला सगळं शिकवायचं. तो "मला आता एकट्याला चालवता येतं" असं मुदीरला, म्हणजे व्यवस्थापकाला, लिहून देईल त्या दिवशी पुंडलिकला एक महिन्याची नोटीस. नोकरी गेली की इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना गेला, इकामा गेला की बायकामुलांसकट देश सोडायचा. आणि पुंडलिकची मुलगी रेखा यंदा दहावीला होती. शेवटचा पेपर सव्वीस मार्चला.

सालमियातल्या दोन खोल्यांच्या घरात कुसुमने हिशेब बोटांवर मांडला होता.

"जानेवारीत त्याने लिहून दिलं तर फेब्रुवारीत आपण उरणला. पोरगी परीक्षेला बसणार कुठे? वर्ष फुकट जाईल तिचं."

"आय नो, आई," रेखा भूमितीच्या पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली. "यू डोन्ट हॅव टु से इट एव्हरी डे."

"तिला कळतंय, तुम्हालाच कळत नाही," कुसुम नवऱ्याकडे वळली. "सगळं शिकवा हो त्याला, पण एक गोष्ट हातची राखून ठेवा. जगात सगळेच ठेवतात."

सगळेच ठेवत नाहीत, हे पुंडलिकला ठाऊक होतं. मुंबईच्या गिरणीत ज्यांनी त्याला बॉयलर शिकवला त्या बाळासाहेबांनी काहीच राखून ठेवलं नव्हतं. ते म्हणायचे, वाफेची विद्या लपवणारा माणूस एक दिवस कोणाचा तरी जीव घेतो. पुंडलिकला ते दर शनिवारी आठ वाजता आठवायचे. तरी तो चाक फडक्यात गुंडाळायचाच. पोरीसाठी माणूस काय काय करतो.

हॉस्पिटलभर हेस्लॉपची टिंगल चालायची. तिप्पट पगाराचा साहेब, पण दोन महिन्यांत एक पंप कळला नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं लोक म्हणायचे. लाँड्रीतला झहूर, श्रीवर्धनकडचा, चहाच्या वेळी बॉयलरच्या खोलीत येऊन बसायचा आणि तोंडावर साहेब-साहेब करून पाठ वळली की त्याच्या चालीची नक्कल करायचा. एकदा तर मुदीरने चारचौघांत हेस्लॉपला झापलं. हेस्लॉप हात मागे बांधून शाळेतल्या पोरासारखा ऐकत राहिला. "येस सर," एवढंच म्हणाला. पुंडलिकने तेव्हा नजर दाबाच्या काट्यावर खिळवून ठेवली होती, काटा जागचा हलत नसतानाही.

डिसेंबरातल्या एका दुपारी रेडिओवर इंग्रजी बातम्या लागल्या होत्या. ब्रिटनमध्ये बेकारांचा आकडा तीस लाखांच्या वर. झहूरने चहा ओतता ओतता आपल्या हिंदी-इंग्रजीत विचारलं,

"साहेब, तुमच्या देशात काम नसलं तरी सरकार घरबसल्या पैसा देतं म्हणे?"

"देतं."

"मग वाळवंटात कशाला आलात? बसून खायचं."

पुंडलिकला प्रश्न आवडला नाही, पण उत्तर त्यालाही हवं होतं. त्याचा धाकटा भाऊ जगन्नाथ मुंबईत गिरण्यांच्या संपात जवळपास वर्षभर घरी होता. त्याला कुठलंच सरकार पैसे देत नव्हतं.

हेस्लॉपने कप दोन्ही हातांत धरला. "आमच्या गावात पोलादाचा कारखाना होता. मी तिथे फिटर, पुढे फोरमन. एकोणतीस वर्षं. कारखाना बंद झाला. मग दर पंधरा दिवसांनी कचेरीत जाऊन सही करायची, की मी अजून बेकार आहे. खिडकीत बसलेली पोरगी माझ्या मुलीच्या वर्गातली होती. ती वर न बघता कागद पुढे सरकवायची. माझ्यासाठीच बघत नव्हती. चांगली पोर."

झहूरने त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

"वर्तमानपत्रं म्हणायची, बेकार लोक आळशी. आणि आम्ही म्हणायचो, बाहेरून आलेल्यांनी आमची कामं घेतली. मीही म्हणायचो." हेस्लॉप थांबला. "कारखाना बंद होण्याआधी काही माणसं कमी केली. पहिलं नाव कोणाचं, ते फोरमनला विचारलं. मी यूसुफचं दिलं. पाकिस्तानकडच्या मिरपूरचा होता. माझ्याएवढंच काम, बावीस वर्षं. पण बाहेरचा. आठ महिन्यांनी मी त्या कचेरीत गेलो, तर रांगेत माझ्यापुढे तोच."

"मग? भांडला?" झहूरने विचारलं.

"नाही. त्याने विचारलं, पेन आणलंयस का? इथे देत नाहीत. मी आणलं नव्हतं. त्याने त्याचं दिलं."

हेस्लॉपने चहा संपवला, कप स्वतः विसळून पालथा घातला आणि बर्नर बघायला गेला. त्या दिवसानंतर झहूरने त्याच्या चालीची नक्कल केली नाही.

पुंडलिकला मात्र घास गोड लागेना. हा माणूस गेल्या महिन्यात मुलांची चौकशी करत होता, पोरीची परीक्षा कधी ते विचारत होता, इतर गोऱ्यांसारखं नावाचं भजं न करता "मिस्टर कडू" म्हणत होता. त्याला आपण दर शनिवारी बनवतो. परीक्षा झाली की सगळं सांगायचं, असं पुंडलिकने स्वतःला बजावलं. लबाडीला मुदत घातली की ती थोडी कमी टोचते.

जानेवारीतल्या तिसऱ्या शनिवारी पहाटेपासून धुकं पडलं. समुद्राकडून आलेलं दाट धुकं, हातभरावरचं दिसेना. सालमियातून निघालेली बस गोगलगाईसारखी सरकत होती, आणि रिंग रोडवर पुढे गाड्या एकमेकींवर आदळल्यामुळे जागच्या जागी थांबली. साडेसात झाले. आठ झाले. चाक पुंडलिकच्या मांडीवर, डब्याच्या पिशवीत. रात्रपाळीचा माणूस सातला जातो. खोलीत हेस्लॉप एकटा. शनिवारी साडेआठला पहिलं ऑपरेशन असतं आणि हत्यारं वाफेवर असतात. पुंडलिकच्या डोळ्यांपुढे टेबलावर झोपवलेला कोणीतरी अनोळखी माणूस आला आणि बाळासाहेबांचं वाक्य आठवलं. तो बसमधून उतरला आणि रस्त्याच्या कडेने धावत सुटला. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, एका हातात डबा, धुक्यात.

हॉस्पिटलच्या मागच्या फाटकातून आत शिरला तेव्हा साडेनऊ वाजले होते. लाँड्रीच्या दारात झहूर उभा होता.

"कशाला धावतोस रे? दम लागंल."

"वाफ?"

"वाफ हाय की. एकदम झकास. तू नव्हतास हे आमाला कळलं पण नाय."

पुंडलिक बॉयलरच्या खोलीत गेला. पंप गुमान चालला होता. काटा जागेवर. हेस्लॉप टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होता. त्याने वर पाहिलं, पुंडलिकची अवस्था बघितली आणि उठून त्याच्यासाठी खुर्ची मोकळी केली. पुंडलिक बसला नाही. तो सरळ टाकीमागे गेला. बोडका दांडा ओला होता आणि त्याच्यावरची चुन्याची खूण दीड वेढा पुढे सरकलेली होती. ती खूण पुंडलिकने केलेली नव्हती. बाजूला, हेस्लॉपच्या कोटाच्या खुंटीवर, दोरीला एक पितळी तुकडा लटकत होता. मधोमध चौकोनी भोक, दांड्यावर नेमकं बसेल असं कानशीने घासलेलं. फिटरचं काम. पुंडलिकने तुकडा हातात घेतला. पितळ नवं नव्हतं. हाताच्या घामाने काळवंडलेलं होतं, दोन-अडीच महिन्यांत काळवंडतं तेवढं.

त्याच्या मनात एकेक शनिवार उलटा फिरू लागला. नळ्या, वॉशर, तेलाचा डबा. स्टोअर दोन मिनिटांवर होतं. हा माणूस पाव तास कुठे उभा राहत होता? आणि मुदीरसमोर हात मागे बांधून काय ऐकत होता?

टेबलावर महिन्याच्या अहवालांची फाईल उघडी होती. पुंडलिक कधी त्या फाईलला हात लावत नसे. आज त्याने लावला. कार्बनच्या निळ्या प्रतीवर डिसेंबरचा मजकूर होता: शनिवारचा भार मिस्टर कडू कसा सांभाळतात ते मला अजून शिकायचं आहे, त्यांच्याशिवाय बॉयलर चालवणं मला सुरक्षित वाटत नाही. खाली मुदीरचा लाल शेरा: मार्चअखेर जमलं नाही तर तुमच्या जागी दुसरा माणूस मागवू.

पुंडलिकने फाईल मिटली. त्याने डब्याच्या पिशवीतून फडकं काढलं, उलगडलं आणि चाक हेस्लॉपपुढे धरलं.

"चुकलो," तो म्हणाला. "चला, दाखवतो तुम्हाला. दीड वेढा का, तेही सांगतो."

हेस्लॉपने चाकाला हात लावला नाही.

"आज ऑपरेशन होतं, म्हणून मला फिरवावं लागलं," तो म्हणाला, जणू माफी त्यालाच मागायची होती. "ते तुम्ही पाहिलं नाही असं समजा. मी खोटं लिहीत नाही, मिस्टर कडू. तुम्ही ते मला अजून शिकवलेलं नाही, हे खरं आहे. सव्वीस मार्चपर्यंत खरंच राहू दे."

"तुमची नोकरी?"

"एकतीस मार्चला मी एकदम हुशार होईन."

पुंडलिकला हसूही आलं आणि रडूही. दोन्ही आवरून त्याने चाक पुन्हा गुंडाळलं. बाळासाहेबांना हे सांगायला हवं होतं. पण बाळासाहेब जाऊन चार वर्षं झाली होती. त्या दिवशी घरी गेल्यावर तो कुसुमला एवढंच म्हणाला, की पोरीला निश्चिंतपणे अभ्यास करू दे.

पुढच्या शनिवारी आठला पाच मिनिटं असताना लाँड्रीची मशीनं सुरू झाली आणि मागचा पंप घरघरू लागला. पुंडलिक जागचा हलला नाही. या वेळी खोटं कारण सांगायला त्याची जीभ उचलेना.

हेस्लॉपने घड्याळ पाहिलं, उठला आणि दारापाशी जाऊन थांबला.

"आज काय आणू, मिस्टर कडू?"

पुंडलिकने टेबलाच्या खणाकडे पाहिलं. खण आता नीट बंदही होत नव्हता.

"काचेची नळी," तो म्हणाला. "आणि सावकाश या, मिस्टर हेस्लॉप. घाई नाही."

"येतो, नेहमीसारखा," हेस्लॉप म्हणाला आणि बाहेर जाऊन त्याने दार आपल्यामागे नीट लावून घेतलं.