बायजाबाईंची संत्रा मलई

व्हिडिओवाली पोरगी येणार म्हणून गोपाळरावांनी सकाळीच एसेन्सच्या बाटल्या गोणपाटाखाली सारल्या आणि कपाळावर हात मारून घेतला. साठीला आलेला माणूस, नंदनवन वस्तीत चार लोक रामराम घालतात, आणि आईच्या आइस्क्रीमच्या दुकानात चोरासारखा वावरतोय! लाज वाटत होती. पण नुसती लाज वाटून माणूस सुधारतो थोडाच?

संत्रा मलई म्हणजे बायजाबाईंचं लेकरूच. आज ती देशभर लग्नाच्या पंगतीत मिळते. पण संत्र्याच्या आंबट रसानं दूध फाटतं, ही अडचण सोडवली ती या बाईनं, नवी सून असताना. फोडी सोलायच्या, पांढरी शीर न् शीर काढायची, गर साखरेत शिजवून गार करायचा आणि पॉटमधलं दूध अर्धं गोठलं की मगच घालायचा. सासऱ्यानं आधी तोंड वाकडं केलं आणि मग वाटीवर वाटी मागून घेतली. तेव्हापासून रोज पहिला चमचा बायजाबाईंचा. त्या "जमलं" म्हणाल्या की माल बाहेर.

मागच्या उन्हाळ्यात मौद्याच्या एका लग्नाची ऑर्डर होती आणि सोलणाऱ्या बाया नेमक्या खाप्याला कुणाच्या तेरवीला गेलेल्या. गोपाळरावांनी नाइलाजानं एसेन्सची बाटली आणली. आईला चमचा देऊन ते दोन पावलं मागं सरकले. आता ही तो फेकून मारणार! आई म्हणाली, "जमलं."

आधी त्यांना हायसं वाटलं. मग काही दिवसांनी आईच्या पुढ्यात गॅसवर दूध करपून काळं झालं, घरभर वास सुटला, आणि ही माउली शांतपणे शेंगा फोडत बसलेली. तेव्हा कुठं त्यांच्या डोक्यात उजेड पडला. करोनानंतर आईची चव गेली होती, वासही गेला होता, आणि तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. ते पाहून पोराचं काळीज तुटायला हवं होतं. तुटलंही, नाही असं नाही. पण दुसऱ्याच दिवशी त्यानं सोलणाऱ्या बायांना घरी बसवलं आणि आईला सांगितलं, की सोलण्याचं काम आता गोडाउनवर होतं.

व्हिडिओवाली मुग्धा आली, तिनं फोन स्टँडवर लावला. "आजी, भारताच्या सगळ्यात लाडक्या फ्लेवरची हिस्ट्री तुमच्याच तोंडून पाहिजे."

बायजाबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. सगळं सांगितलं, सासऱ्याच्या वाट्यांसकट. काउंटरमागं उभे असलेले गोपाळराव एकेका वाक्याला मान आणखी खाली घालत होते.

"आणि आजही असली संत्रंच ना? एसेन्स नाही?"

"एसेन्स? आमच्या घरी? काय बोलून राहिली वं पोरी!"

मुग्धा हसली, वाटी पुढं केली. "मग एक चमचा खाऊन सांगा, कसं लागते."

बायजाबाईंनी चमचा तोंडात घातला, आणि काय झालं कोण जाणे, त्यांचे डोळे भरून आले.

"खोटं नाही बोलत पोरी. करोना झाला तवापासून मले कायचीच चव नाही येत. रोज नुसतंच जमलं, जमलं म्हणत राहिली. वाटे, म्हातारी निकामी झाली म्हणतीन. पण गोपाळ आहे ना! तो माह्याहून कडक. तो वाईट माल देणारच नाही, या भरोशावर म्हणत राहिली." त्या काउंटरकडं वळल्या. "पोराले फसवलं म्या. माफ कर गा गोपाळ."

बोल लेका, आता तरी बोल! गोपाळरावांचा जीव आतून ओरडत होता. "आई..." म्हणाले आणि काउंटर पुसायला लागले.

"इकडं ये. हे खा, अन् मले सांग कसं लागते. लय दिवस झाले गा."

त्यांनी चमचा तोंडात घेतला. साबणासारखा गोड वास जिभेवर पसरला. आई आशेनं त्यांच्या तोंडाकडं पाहत होती. तिला काय सांगणार? तुझी चव गेली ते मला कळलं, आणि मी त्याचा फायदा घेतला, हे?

"आधी सालीचा वास येते आई, नाकात झोंबते," ते म्हणाले. "मग गोड लागते. मग गालात आंबट. अन् शेवटी थोडंसं कडू, एखादी शीर राहिली असन तसं."

बायजाबाई डोळे मिटून ऐकत होत्या. त्यांचे ओठ हलले, त्यांनी घोट गिळला.

"हां. आता लागलं," त्या म्हणाल्या. आणि लगेच डोळे उघडून, जुन्या करड्या आवाजात, "पण शीर काहून राहिली गा? त्या बायांले सांगजो, नीट सोला म्हणा."

"सांगतो, आई," गोपाळराव म्हणाले.