पेटीतलं तेरावं घर

मी एक पेटी. सागवानी, हातभर लांब, वीतभर उंच, झाकणाला पितळी कडी. माझ्या पोटात एका ओळीत तीस घरं आहेत आणि त्यांच्यामध्ये पातळ फळ्यांच्या भिंती. देवगाव रंगारीच्या रामकिसन सुतारानं मला घडवलं. इतकी अरुंद घरं त्यानं आधी कधी केली नव्हती.

"यात ठेवणार काय, विड्याची पानं?" त्यानं विचारलं.

मला करायला सांगणारा गयास हसला. "कुराण शरीफचे तीस सिपारे. वेगवेगळे बांधलेले हायेत. सगळे एकाच जाडीचे."

रामकिसननं वहाणा काढून लांब ठेवल्या आणि माप पुन्हा एकदा घेतलं.

'सगळे एकाच जाडीचे' हे शब्द माझ्या डोक्यात तेव्हा जे शिरले ते बरीच वर्षं निघाले नाहीत. माझी पक्की समजूत झाली की कुराण मुळातच तीस सारख्या तुकड्यांत आहे आणि त्या तुकड्यांना सांभाळायला मी आहे. पेटीला गर्व शोभत नाही, पण मला होता.

माझं काम लागायचं ते खत्माच्या वेळी. घरात कोणी गेलं, कोणावर संकट आलं, की माणसं जमत. झाकण उघडायचं आणि उजव्या टोकापासून एकेक सिपारा ज्याच्या त्याच्या हाती जायचा. तीस जण एकाच वेळी वाचायला बसले की तासाभरात अख्खं कुराण वाचून होतं. पहिला सिपारा वाचणारा आणि तिसावा वाचणारा मांडीला मांडी लावून बसलेले असत. एकाच्या तोंडी सुरुवात आणि दुसऱ्याच्या तोंडी शेवट. माणसांना यात काही वावगं वाटत नसे.

घरात प्रत्येकाचा सिपारा ठरलेला होता. गयासची बायको जैतुनबी बारावा घ्यायची, गयास तेरावा. ती आत बायकांत, तो ओसरीवर. ती जिथं थांबायची तिथून तो सुरू करायचा. अरबी अक्षरं दोघांनाही वाचता येत, अर्थ दोघांनाही येत नसे. बहुतेकांचं तसंच होतं.

मग अठ्ठेचाळीसचा सप्टेंबर आला. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि गावात कोणी कोणाशी मोठ्यानं बोलेनासं झालं. घर सुखरूप राहावं म्हणून जैतुनबीनं खत्म धरला. माणसं थोडी होती, म्हणून तो तीन दिवस चालणार होता. तिसऱ्या दिवशी सगळ्यांचे सिपारे वाचून झाले. एकट्या गयासचा निम्मा राहिला होता. तेवढ्यात निरोप आला की गंगापूरला त्याची बहीण घरात एकटीच अडकली आहे.

गयासनं तेरावा सिपारा फडक्यात गुंडाळून काखेत मारला.

"वाटंत पुरा करतो. जुम्म्यापर्यंत येतोच," तो म्हणाला.

"सिपारा तरी ठेवून जा. पेटी अपुरी राहती," जैतुनबी म्हणाली.

"पेटी राहू दे अपुरी. खत्म अपुरा नको."

तो गेला. बहिणीला दुसऱ्याच लोकांनी सुखरूप आणलं. तिच्यापर्यंत गयास पोचलाच नव्हता. कोणी म्हणे गोदावरीच्या काठी दिसला होता, कोणी म्हणे सरहद्दीपलीकडे गेला. त्याला मेलेला कोणी पाहिला नाही आणि जिवंतही कोणी पाहिला नाही. मला यावर काही मत नाही. माझं एक घर रिकामं झालं, एवढंच मला ठाऊक.

जैतुनबी तीन वर्षांच्या लेकीला, गौहरला, घेऊन औरंगाबादला माहेरी निघाली. सोबत एक ट्रंक होती आणि ट्रंकेत गयासचा एक सदरा. मला शेजारच्या चतुराबाईच्या हवाली केलं. चतुराबाईनं आंघोळ केली, मला उचललं आणि आपल्या देवघराच्या वरच्या फळीवर ठेवलं. तिच्या नवऱ्यानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "त्यांचं देवाचं हाय. खाली कसं ठिवू?"

दुसऱ्या पावसाळ्यात ते छप्पर गळलं. चतुराबाईनं माझ्यातले सिपारे एकेक करून काढले, एकावर एक चळत लावली, मला उन्हात वाळवलं आणि चळतीवरून उचलून एकेक पुन्हा आत ठेवला. काढताना डावीकडून काढले, ठेवतानाही डावीकडून ठेवले. अक्षरओळख नसलेल्या बाईनं आणखी किती जपायचं! पण चळतीनं सगळं उलटं केलं. पहिला सिपारा शेवटच्या घरात गेला, तिसावा पुढं आला, आणि रिकामी जागा सरकत सरकत उजव्या टोकाला, पहिल्या घरापाशी येऊन थांबली.

दोन वर्षांनी जैतुनबी मला न्यायला आली. तिनं झाकण उघडलं आणि उजवीकडून बोटानं घरं मोजत गेली. पहिलं रिकामं होतं, त्याकडं तिचं लक्षच नव्हतं. बोट तेराव्या घरावर आलं. तेरावं घर भरलेलं होतं.

तिनं बोट तिथून उचललं नाही.

"चतुराबाई, कोणी आलं होतं का?"

"कोण?"

"गौहरचे अब्बा. ह्यो ठेवायला."

चतुराबाईला काही कळेना. "कुणी नाय आलं माय. पेटीला माझ्याबिगर कुणाचा हात लागला नाय."

जैतुनबीनं तेराव्या घरातला सिपारा ओढून काढला आणि पहिली ओळ वाचली. तो एकोणिसावा होता. मग तिनं सगळे बाहेर काढले, ओळीनं लावले. शेवटी रिकामं घर आपल्या जागी परत आलं.

"माझ्या हातून काय चुकलं व्हय?" चतुराबाई घाबरून म्हणाली. "एखादं कमी तर नाय झालं?"

"नाय बाई. तुमी तर समदं जपलं," जैतुनबी म्हणाली. मला घेऊन ती मोटारीत बसली, आणि माझी कडी वाटभर वाजत होती.

औरंगाबादला ती हिमरू कापड विणणाऱ्यांसाठी घरी सुताच्या कांड्या भरायची. भिंतीला भिंत लागून फारूख हाफिजजी राहत. वयानं म्हातारे, दोन्ही डोळ्यांनी आंधळे, अख्खं कुराण तोंडपाठ. दर जुम्म्याला जैतुनबी मला कोनाड्यातून काढायची, बारावा सिपारा मोठ्यानं वाचायची आणि संपला की मिटून ठेवायची. एका जुम्म्याला भिंतीपलीकडून आवाज आला.

"यां कैकू रुक गई, बी? बात अधूरी है ना."

हाफिजजी दखनी बोलत. पुढचं मी माझ्या भाषेत सांगते.

"सिपारा संपला, हाफिजजी."

"सिपारा संपला, किस्सा नाही संपला. हजरत यूसुफ अजून कैदेत आहेत. बेगुनाह ठरलेत, पण दार उघडलं नाही. बोलणाऱ्याचं बोलणंसुद्धा अर्ध्यावर आहे."

"मग तिथंच का तोडलं?"

"तोडलं कुणी? मापलं. महिन्याचे दिवस तीस, रोज एक वाचून व्हावा म्हणून मागाहून लोकांनी सारखे वाटे पाडले. माप घेणारा ओळी मोजतो, किस्सा कुठं आलाय ते बघत नाही. खरी बांधणी सूरांची, म्हणजे अध्यायांची. त्या एकशे चौदा. एखादी अडीच सिपारे भरते, एखादी तीन आयतींत, तीन वाक्यांत, आटपते. साधारण मानानं लांब आधी आणि आखूड शेवटी. आणि जी सगळ्यांत आधी उतरली ती तर शेवटच्या सिपाऱ्यात आहे."

मी कोनाड्याच्या काठावर उघडी होते. माझ्या घरांमधल्या भिंतींकडं मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. रामकिसननं त्या गयासच्या मापानं घातल्या होत्या, आणि बाराव्या-तेराव्यामधली भिंत एका माणसाच्या बोलण्याच्या ऐन मधोमध आली होती. माझा गर्व तिथंच उतरला.

हाफिजजी पुढं सांगत होते. "यूसुफच्या या सूरेची ठेवण बघ. सुरुवातीला मुलगा बापाला स्वप्न सांगतो, शेवटाकडं त्याच स्वप्नाचा अर्थ समोर उभा राहतो. मधे तीनदा सदरा येतो. एक खोटं रक्त लावलेला. दुसरा मागून फाटलेला. हे दोन तू वाचतेस. तिसरा बापाच्या, हजरत याकूबच्या, तोंडावर टाकतात, आणि रडून रडून गेलेली त्यांची नजर परत येते. तो पुढच्या सिपाऱ्यात."

जैतुनबीनं माझ्या रिकाम्या घरात बोट घातलं. मग म्हणाली, "पुढचा माझ्याकडं नाही."

"मग कानानं घे."

तेव्हापासून रोज दुपारी भिंतीपलीकडून दोन-तीन आयती येत आणि इकडं ती कांड्या भरता भरता त्या घोळवत बसे. तेराव्या सिपाऱ्याच्या वीस पानांना तिला चार वर्षं लागली. मागचं विसरायची, पुन्हा विचारायची. हाफिजजी कधी वैतागले नाहीत.

याच काळात तिच्या थोरल्या दिरानं कोरा करकरीत तेरावा सिपारा आणला. "पेटी पुरी कर," तो म्हणाला, "आणि गयासच्या नावानं एकदाचा खत्म करून टाक. किती दिवस अशी बसणार?"

तिनं सिपारा डोळ्यांना लावला आणि परत दिला. "ते घर त्यांच्या सिपाऱ्याचं हाय. उद्या आले तर ठेवतील कुठं?"

दीर सिपारा घेऊन निघून गेला. मला तो वाईट वाटला नाही. त्याचाही भाऊच हरवला होता.

चौसष्ट साली गौहरचा निकाह ठरला. रुक्का, म्हणजे लग्नपत्रिका, छापायला द्यायची होती. गौहर कागद-पेन घेऊन आईसमोर बसली.

"अम्मी, अब्बांच्या नावाआधी काय लिहू? मरहूम लिहू का नको?"

मरहूम म्हणजे जो आता नाही तो. जैतुनबीच्या हातातली कांडी थांबली. कागदावर दोनच गोष्टी लिहिता येत होत्या, आणि ती लिहील तेच सगळ्या नात्यागोत्यात खरं ठरणार होतं.

"जुम्म्यानंतर सांगते," ती म्हणाली.

जुम्म्याला तिनं बायकांना बोलावलं. एकोणतीस सिपारे वाटले गेले. दिराच्या घरून छापील तेरावा आला होता, तो तिनं आदरानं बाजूला उंचावर ठेवला. वाचन सुरू झालं. बाहेर ओसरीवर हाफिजजी तसबीहची माळ ओढत बसले होते. हळूहळू एकेक सिपारा मिटून माझ्यात परत येऊ लागला. शेवटी एकट्या जैतुनबीचा आवाज राहिला. तिनं बारावा संपवला, मिटला, माझ्या बाराव्या घरात ठेवला. आवाज मात्र थांबला नाही. हातात काही नसताना ती पुढं म्हणत गेली. बायका एकमेकींकडं बघू लागल्या. ओसरीवरची तसबीह थांबली.

यूसुफच्या कैदेचं दार उघडलं. भाऊ धान्यासाठी आले, गेले, पुन्हा आले. तिसऱ्या सदऱ्यापाशी ती अडली. शब्द येईना. तिनं पदर तोंडाला लावला. तेव्हा हाफिजजींनी बाहेरून तो एक शब्द उच्चारला, विसरणाऱ्याला देतात तसा, आणि ती तिथून धरून पुढं निघाली. यूसुफ संपली, तिच्यापुढच्या दोन सूरा आल्या, वीस पानं पुरी झाली. अठ्ठेचाळीसमध्ये धरलेला खत्म सोळा वर्षांनी संपला.

"गौहर," ती म्हणाली, "मरहूम लिही."

आणि मग ती सगळ्यांच्या देखत, लहान पोरीसारखी रडली. दुसऱ्या दिवशी तिनं ट्रंकेतला सदरा धुतला, वाळवला आणि हाफिजजींना दिला.

आज मी चिकलठाण्याला गौहरच्या घरी कपाटावर आहे. जैतुनबी गेली, हाफिजजी गेले, शहराचं नावही बदललं. गौहरच्या नातवंडांकडं फोनमध्ये सगळं कुराण आहे. त्यात बोट सरकवलं की बारावा कुठं संपला ते कळतसुद्धा नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. माझी वाळवी लागलेली एक फळी मागंच गळून पडली. नेमकी बाराव्या-तेराव्यामधली पडली असती तर बरं झालं असतं, पण ती दुसरीच होती.

तुमच्यापैकी कोणी कधी माझं झाकण उघडलं, तर एवढं करा. तेरावं घर रिकामं दिसेल. काही हरवलंय असं समजून ते भरू नका. त्या घरातलं वाचून झालंय.