मोठं आणि चांगलं

घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा कौसल्याबाईंनी आधी आपली गाणी रेकॉर्ड करून घ्यायची असं मनावर घेतलं. नंतर आवाज असाच राहील याची खात्री डॉक्टर देत नव्हते. भोईवाड्यात राहणाऱ्या या बाई तरुणपणापासून स्वतः रचलेली भीमगीतं गात आल्या होत्या, पण कुणी ती नीट टेप केली नव्हती. रेकॉर्डिंग झालं डिलाईल रोडच्या एका चाळीत, सम्यक आणि त्याची मैत्रीण प्रिती मिळून चालवतात त्या छोट्या स्टुडिओत.

सम्यक लहानपणापासून त्यांना मावशी म्हणायचा. गाणी मिक्स करायचं, म्हणजे आवाज आणि वाद्यं जुळवून गाणं पक्कं करायचं काम त्यानं हट्टानं स्वतःकडे घेतलं आणि तिथपासून त्याला चैन पडेना. मावशींचा आवाज आता बारीक झाला होता, वरच्या सुरावर चिरायचा. हीच त्यांची शेवटची गाणी ठरली तर, या धास्तीनं तो कॉम्प्युटरवर त्यांच्या आवाजाला एकेक प्लगइन, म्हणजे आवाजाचा पोत बदलणारं छोटं सॉफ्टवेअर, लावत गेला. एक आवाज भरीव करणारं, एक ऊब आणणारं, एक चकाकी देणारं. चालू केलं की गाणं उजळायचं, बंद केलं की फिकं पडायचं. म्हणून तो ते ठेवून द्यायचा. पण सकाळी तेच गाणं ऐकताना काहीतरी खुपायचं. काय ते सापडत नसे, मग तो आणखी एक प्लगइन लावायचा. जेवता जेवता उठून स्पीकरसमोर जाऊन बसायचा. एक गाणं तर त्यानं विकासला, म्हणजे मावशींच्या मुलाला, फोनवर पाठवलंसुद्धा, आणि पाठवल्यावर पुन्हा उघडून बसला.

प्रिती दोन दिवस बघत होती. शेवटी तिनं पडद्यावर आवाजाची पातळी दाखवणाऱ्या मीटरकडे बोट दाखवलं.

"प्रत्येक प्लगइन आवाज थोडा थोडा वाढवतंय. तुला चांगलं ऐकू येतंय की नुसतं मोठं?"

सम्यक चिडला. कारण ही गोष्ट त्याला माहीत होती. जरा मोठं वाजलं की कानाला ते सरसच वाटतं, म्हणून तुलना करायची तर दोन्हीकडे आवाज सारखा ठेवायचा, हे त्यानं स्वतः कितीतरी जणांना शिकवलं होतं. तो खाली उतरला, कोपऱ्यापर्यंत चालत गेला, चहा मागवला आणि अर्धा टाकून परत आला.

तोवर प्रितीनं प्लगइन लावलेला आणि साधा असे दोन्ही मिक्स आवाजाच्या एका पातळीवर आणून ठेवले होते. तिनं त्याला पाठ फिरवून बसायला सांगितलं. कुठला कुठला ते न सांगता ती आलटून पालटून वाजवत राहिली आणि तो बोलत गेला: हा, दुसरा, पुन्हा दुसरा. सगळं झाल्यावर कळलं की जवळपास प्रत्येक वेळी त्यानं साधाच निवडला होता. ऊब आणणारं तेवढं एका गाण्यात खरंच शोभत होतं, ते राहिलं. बाकीची त्यानं काढून टाकली. खुपत होतं तेही आता कळलं. ओळीआधीचा श्वास, शब्दावरचा जोर, सगळं दाबून एका उंचीचं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मावशी विकासबरोबर आल्या. नवा मिक्स ऐकताना त्यांचा चेहरा पडला.

"विकासच्या फोनवर ऐकलेलं आधीचं बरं होतं रे. त्यात मी तरणी वाटत होते."

सम्यकचा हात आवाजाच्या बटणाकडे गेला. जरासं वाढवलं असतं तर त्या लगेच हो म्हणाल्या असत्या, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं हात मागे घेतला. काय घडलं ते सगळं त्यांना सांगितलं आणि दोन्ही मिक्स सारख्या आवाजात लावले, कुठला कुठला ते न सांगता.

मावशी डोळे मिटून ऐकत होत्या. दुसरा त्यांनी पुन्हा लावायला सांगितला.

"ह्यात मी दम घेतलेला ऐकू येतो," त्या म्हणाल्या. "पहिल्यात कोण दुसरीच बाई गातेय."

विकासचं म्हणणं पडलं की चौकातल्या स्पीकरवर पहिलाच दणक्यात वाजेल. मावशींनी त्याच्याकडे पाहिलं.

"मोठं लावायचं तर लोक लावतील. पण गाणारी मीच पाहिजे ना?"

गाणी तशीच बाहेर आली. ऑपरेशन नीट पार पडलं. आवाज परत आला, पण जाड, खालच्या पट्टीतला. त्यातही गाऊन बघते, मावशी म्हणाल्या.

सम्यक मात्र स्वस्थ झाला नाही. निलेश या गायकाचा मागच्या वर्षीचा अल्बम सम्यकनंच मिक्स केला होता आणि त्यासाठी सम्यकचं इतकं कौतुक झालं होतं; तो त्यानं उघडून सारख्या आवाजात ताडून पाहिला, तर तिथंही गाणं चांगलं नव्हे, नुसतं मोठं झालं होतं. मग निलेशला फोन लावला आणि त्यातलं एक गाणं पुन्हा मिक्स करू दे म्हणाला. निलेशला कळेना. लोकांना आवडलंय की ते, तो म्हणाला.

"माहितेय," सम्यक म्हणाला. "तरी एकदा येऊन ऐक."