पेस्टखालचा हात

सत्यशीला ओल्या फडक्याने लेकीच्या मनगटावरची टूथपेस्ट काढत होती. पेस्ट वाळून जुन्या चुन्यासारखी तडकली होती. एकेक पापुद्रा सुटताना दोन वर्षांची उत्पला अंग आखडून घेई. रडायचं त्राण दोघींतही उरलं नव्हतं.

सकाळी चुलीवरून उतरवून खाली ठेवलेल्या गंजातली गरम पेज सांडली, तेव्हा तिने आधी पाणी ओतलं आणि मग ट्यूब पिळली. होस्टेलमध्ये भाजलं की मुली तेच लावत. पांढऱ्या थराखाली काय आहे ते दिसत नव्हतं, आणि दिसत नव्हतं तोवर तिला बरं वाटत होतं.

"बी.ए. केली, अन् दात घासाचं हाताले लावलं," सासू बायनाबाई विळीवर कोरफड चिरत म्हणाली.

"थंड वाटतं, आई."

"घडीभर. मंग वाळते अन् कातडी ओढते. हे ओढत नाई."

पिवळा चीक निथळल्यावर बायनाबाईने काचेसारखा गर मनगटावर पसरला. उत्पलाने हात मागे घेतला नाही. पण गराखालून सगळं दिसू लागलं. लालभडक चट्टा, मधोमध टपोरा फोड. सत्यशीलेने मान फिरवली. मग पुन्हा पाहिलं.

पाचच्या गाडीने नवरा, श्रीहरी, गडचिरोलीहून येणार होता. निघताना दारातून म्हणाला होता, "पेजेचा गंज खाली नको ठेवत जाऊ. पोरगी आता साऱ्यात हात घालते."

रस्त्यावर एस.टी.चा हॉर्न वाजला. तिने ट्यूब उचलली, झाकण फिरवलं. वरून एक पातळ थर. तो जेवला की सांगता येईल.

"श्रीहरीच्या कोपरावरचा डाग पाह्यला काय तू?" बायनाबाईने विचारलं.

"ती जन्मखूण ना?"

बायनाबाई विळी धूत राहिली.

"तेल होतं. सा महिन्याचा होता तो. जन्मखूण म्हणून मीच सांगतलं. तुह्या सासऱ्याले बी." तिने तांब्या कलता केला. "अजून त्यानं बाह्या वर केल्या का मी तिकडं पायत नाई."

फाटक करकरलं. सत्यशीलेने ट्यूबचं झाकण घट्ट लावलं, उत्पलाला कडेवर घेतलं आणि ती दारात, उजेड होता तिथे जाऊन उभी राहिली. श्रीहरी अंगणात आला. बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या होत्या.

मागे विळी धुण्याचा आवाज थांबला.