उकिरड्याच्या नावाचं आसन

मी आसन बोलतोय. हसू नका. ज्याच्यावर माणसं नुसती बसतात त्याला तोंड कुठून फुटलं, असं तुमच्या मनात आलं असेल. पण माझी गंमत अशी, की माझ्यावर तीस-पस्तीस वर्षं कुणी बसलंच नाही. त्यामुळे ऐकायला आणि विचार करायला मला भरपूर सवड मिळाली.

माझा जन्म कुमासी शहराजवळच्या अहविया गावचा. बोआचे नावाच्या म्हाताऱ्यानं मला सेसे नावाच्या झाडाच्या पांढऱ्या लाकडातून कोरलं. झाड पाडण्याआधी त्यानं बुंध्यावर अंडं फोडलं आणि झाडाची माफी मागितली. मी अख्ख्या एका ओंडक्याचा आहे. माझ्यात जोड नाही, खिळा नाही. माझी पाठ मधोमध खोलगट आणि दोन्ही कडांना वर उचललेली आहे. स्वतःची स्तुती स्वतः करू नये म्हणतात, पण मला तसं सांगणारं घरात कुणी मोठं नव्हतं.

मला करवून घेणारा माणूस म्हणजे ट्वुमासी. त्याची बायको कोनादू तेव्हा पोटुशी होती. बोआचेनं विचारलं, आसन कुणासाठी? ट्वुमासी म्हणाला, येणाऱ्या बाळासाठी. मग लहानसं करतो, रांगायला लागलं की उपयोगी पडेल, असं बोआचे म्हणाला. त्यावर ट्वुमासीनं मान हलवली.

"मोठ्या माणसाचं कर. हे मूल मोठं होणार आहे."

हे वाक्य मी ओलं लाकूड असताना ऐकलं. ते माझ्यात मुरलं.

त्याला तसं म्हणावं लागलं, कारण त्या घरात आधी तीन मुलं आली आणि चालायला लागण्याआधीच गेली. चौथ्या खेपेला मुलगी झाली, तेव्हा कोनादूनं मृत्यूला चकवायचं ठरवलं. आमच्याकडे ही जुनी युक्ती आहे. तान्ह्या पोरीला तिनं गावाच्या उकिरड्यावर, केळीच्या सालींवर नेऊन ठेवलं. शेजारणीनं, फ्रेमानं, तिला टाकलेली वस्तू उचलावी तसं उचललं आणि एका कोंबडीच्या बदल्यात कोनादूला परत विकलं. मग पोरीचं नाव ठेवलं सुमिना. सुमिना म्हणजे उकिरडा. असलं नाव ऐकून मृत्यू नाक मुरडतो आणि पुढच्या दारी जातो, असा आमच्या आयांचा हिशेब. आणि ही युक्ती कधी बोलून दाखवायची नाही. बोललं की मृत्यूच्या कानावर जातं.

पोर जगली. पण मग मला तिच्यासमोर ठेवायचं धाडस कोनादूला होईना. उकिरड्यावरच्या पोरीला एवढं सुरेख आसन? मृत्यूला संशय आला तर? म्हणून मी कोपऱ्यात राहिलो, एका कुशीवर. तशीही आमची रीत अशी, की आसनावर कुणी बसलेलं नसेल तेव्हा ते आडवं ठेवायचं. नाही तर एखादा भटका आत्मा येऊन बसतो.

ट्वुमासी लवकर गेला. भीतीला मात्र मरण नसतं. पोर वाढली, बाई झाली, तरी कोनादूची भीती तान्हीच राहिली. सणासुदीला ती मला वाळूनं आणि लिंबानं घासून पांढरंशुभ्र करायची आणि पुन्हा आडवं ठेवायची. सुमिना दारातून ते बघायची. तिला वाटायचं, आई गेलेल्या मुलांचं आसन घासतेय. तिनं कधी विचारलं नाही आणि कुणी कधी सांगितलं नाही.

तिनं स्वतःच आपल्या नावाचा अर्थ लावला. घराला नको होते, म्हणून उकिरडा. एकदा हा अर्थ मनात बसला, की बाकी सगळं त्याच्या मागे मुकाट्यानं चालत येतं. ती जमिनीवर बसायची, सगळ्यांच्या शेवटी जेवायची, डागाळलेली केळी स्वतःच्या घरी आणि चांगली गिऱ्हाइकाला. एका ट्रकवाल्यानं लग्नाचं विचारलं, भला माणूस होता, तर हिनं त्यालाच समजावलं की तुला माझ्यापेक्षा चांगली मिळेल. कुणी कौतुक केलं की ठरलेलं उत्तर, "मी कसली, मी तर उकिरडा." मी कोपऱ्यात पडून ऐकत होतो. लाकडाला ओरडता येत नाही, ही फार वाईट गोष्ट आहे.

आणि बाई होती कशी? बाजारात ती भाजीची केळी विकायची. ट्रक आला की घडांसाठी बायकांची झोंबाझोंबी व्हायची. दोघी एकमेकींच्या झिंज्या धरायच्या बेतात असल्या की सुमिना मध्ये पडायची नाही. ती निखाऱ्यावर दोन पिकली केळी भाजायची आणि दोघींच्या हातात एकेक द्यायची. तोंडात गरम केळं असताना कुणाला भांडता येत नाही. तेवढ्या वेळात ती वाटणी करून टाकायची आणि ती वाटणी दोघींना पटायची. हे फ्रेमामावशी आमच्या अंगणात बसून रंगवून सांगायची, म्हणून मला ठाऊक.

केळीबाजाराची म्हातारी राणी वारली. नवी राणी निवडायची होती. राणी म्हणजे मुकुटवाली नव्हे, भाव ठरवणारी, भांडणं मिटवणारी, ट्रकवाल्यांशी दोन हात करणारी. एका दुपारी फ्रेमामावशी दोन बायकांना घेऊन आली. सुमिनानं आधी पाणी दिलं, मग काय काम काढलंत म्हणून विचारलं. फ्रेमानं रिवाजाची दारूची बाटली पुढे ठेवली आणि सांगितलं, बाजारानं तुझं नाव घेतलंय.

सुमिना कसनुसं हसली. म्हणाली, नाव घेतलंय की नाव ठेवलंय? बाजारातली ती पोमा तर आजच विचारत होती, आता काय उकिरड्याला राणी म्हणायचं?

"पोमाला राणी व्हायचंय, तिची जीभ चालणारच," फ्रेमा म्हणाली. "तू तुझं बोल."

"मावशी, बाजाराची रीत तुलाच माहीत आहे. राणीनं आपल्या घरचं आसन घेऊन यायचं. माझ्याकडे आसन कुठंय?"

फ्रेमानं माझ्याकडे बघितलं. मग कोनादूकडे. कोनादू दाराशी बसून कंद सोलत होती.

"आणि ते?"

"ते माझं नाही," सुमिना म्हणाली. "ते त्यांचं आहे. जे गेले त्यांचं."

कोनादूच्या हातातली सुरी थांबली. फ्रेमानं ती युक्ती न बोलण्याची शपथ पाळून इतकी वर्षं तोंड बंद ठेवलं होतं, ती तेव्हाही गप्पच राहिली, पण तिच्या बघण्यात एवढा राग होता की भिंतीला भोक पडलं असतं. मला वाटलं, म्हातारी पुन्हा सोलायला लागेल आणि माझा जन्म कोपऱ्यातच संपेल. ही संधी एकदाच आली होती, माझ्यासाठी आणि त्या पोरीसाठीही.

कोनादूनं सुरी खाली ठेवली. भीती तशीच होती. तरी ती बोलली.

"त्या तिघांना मी चांगली चांगली नावं दिली होती. मृत्यूनं ती नावं ऐकली आणि तिघांना नेलं. म्हणून तुला मी घाण नाव दिलं, त्यानं तुझ्याकडे बघू नये म्हणून. उकिरड्यावर मीच ठेवलं तुला आणि ही फ्रेमा घेऊन येईपर्यंत झाडाआड उभी राहून श्वास रोखून धरला. मृत्यूला फसवायला गेले मी, आणि फसलीस तू."

मग सुमिनानं विचारलं, आणि तो आवाज बाईचा नव्हता, लहान पोरीचा होता, "म्हणजे मी तुला नको होते, असं नव्हतं?"

"नको असलेल्या पोरीसाठी कुणी झाड पाडतं का?" कोनादूनं माझ्याकडे बोट दाखवलं. "तुझ्या बापानं ते तू पोटात असताना केलंय. मोठ्या माणसाच्या मापाचं. जा, बसून बघ."

सुमिना उठली. तिनं मला दोन्ही हातांनी सरळ उभं केलं. इतकी वर्षं एका कुशीवर पडून मलाही वाटायला लागलं होतं, की मी बसण्याचा नाहीच, नुसता घासण्याचा आहे. ती हळूच टेकली, जणू मी तिला झटकून टाकेन. मग तिनं सगळं अंग सोडलं. माप बरोबर होतं. ट्वुमासीनं तिला न बघता घेतलेलं माप बरोबर होतं! ती रडत होती, म्हातारी रडत होती आणि फ्रेमामावशी दोघींना रागावत होती, बाटली तापतेय म्हणून.

उकिरड्याची दैनासुद्धा बारा वर्षांनी फिटते म्हणतात. आमच्या उकिरड्याला जरा जास्त लागली, एवढंच.

सोहळ्याच्या दिवशी सुमिनानं मला स्वतःच्या डोक्यावर वाहून बाजारात नेलं. मधोमध मला ठेवलं. फ्रेमामावशीनं हळूच सुचवलं, की राणीला शोभेल असं एखादं नवं नाव घेऊ या. पोमा तिथेच होती. ती मोठ्यानं म्हणाली, घ्या बाई, नाही तर गिऱ्हाईक नाक धरून येईल. बायका हसल्या.

सुमिनाही हसली. पूर्वी ती असं काही ऐकलं की मान खाली घालायची. आज ती माझ्यावर ताठ बसली होती, मला तिचा कणा जाणवत होता.

"नाव आईनं दिलंय, ते राहील," ती म्हणाली. "आणि तुम्ही केळीवाल्या ना? मग सांगा, गावातला सगळ्यात भरलेला घड कुठे लागतो?"

कुठे लागणार? केळीवाल्या बायकांना हे विचारावं लागत नाही. सगळा कचरा, सगळी राख, सगळा कुजका पाला जिथे पडतो तिथेच केळ मांडीएवढी जाड होते. सगळा बाजार एका दमात ओरडला, "सुमिनावर!" आमच्या भाषेत उकिरड्याला दुसरा शब्दच नाही. पोमाही ओरडली. ओरडल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण कुणाचा जयजयकार केला ते.

आता मी पूर्वीइतका पांढरा नाही. राणीच्या बसण्यानं मधोमध तुकतुकीत आणि पिवळसर झालोय, आणि मला या रंगाचा फार अभिमान आहे. ती उठली की रीतीप्रमाणे मला आडवं करते. पण आता आडवं पडणं मला टोचत नाही. परत येणारं माणूस आहे, म्हणून तर जागा राखून ठेवतात.

आज पोमा आपल्या नातीला घेऊन आली. गुटगुटीत, आठ दिवसांची पोर. पोमाच्या घरात कुणी मूल गेलेलं नाही, मृत्यूला फसवायची काही गरज नव्हती. तरी पोमानं पोरीला माझ्यावर ठेवलं आणि जरा दुसरीकडे बघत सांगितलं, की नाव सुमिना ठेवलंय. कोनादू म्हातारीनं ते ऐकलं आणि पहिल्यांदाच भर दुपारी, सगळ्यांदेखत, मोठ्यानं म्हणाली, "किती सुंदर नाव आहे."

तुमच्याही घरात, एखाद्या कोपऱ्यात, माझ्यासारखं काही आडवं पडलं असेल. ते दुसऱ्याचं आहे असं तुम्ही स्वतःच ठरवून टाकलं असेल. एकदा विचारा तरी, कुणासाठी केलं होतं म्हणून. बरं, मी थांबतो. नव्या सुमिनानं मला ओलं करून ठेवलंय, आणि जुनी सुमिना वाळू आणि लिंबू घेऊन येतेय.