पिशवीत कोंडलेली साखळी

मित्रांनो, मी एक जुनी साखळी आहे. गळ्यातली नव्हे, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, ओटॅगोच्या डोंगरात राहते. बर्फ पडला की ट्रॅक्टर रस्ता साफ करतो आणि फोटो त्याचेच निघतात. निघोत बापडे. मी चाकाला करकचून धरलं नाही, तर हा धटिंगण जागच्या जागी चाकं फिरवत बसेल, हे त्यालाही ठाऊक आहे.

माझा जन्म डनेडिनच्या एका कारखान्यात झाला. मी उजव्या चाकावर, माझी जुळी बहीण डाव्यावर. आम्हाला इयन नावाच्या शेतकऱ्याने आणलं. मेंढ्यांना चारा पोचवायचा, शाळेच्या बसला वाट करून द्यायची, ही कामं आम्ही कित्येक हिवाळे केली. काम संपलं की इयन आम्हाला खुंटीवर टांगायचा, वाळल्यावर तेलाचा हात फिरवायचा. फार लाड होते आमचे.

पुढे इयनची फुप्फुसं थकली. शेत आणि ट्रॅक्टर विवेकला विकून तो टेकडीवरच्या छोट्या घरात राहायला गेला. विवेक पुण्याचा, घरी बसून वेलिंग्टनच्या ऑफिसचं काम करतो. त्याची बायको मृदुला गावातल्या दवाखान्यात नर्स आहे. विवेक माणूस गुणी, पण दिसेल ती वस्तू पिशवीत घालून ठेवायची, हे त्याला घरचं वळण. गेल्या हिवाळ्याअखेर त्याने आम्हाला ओल्या अंगानेच जाड प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलं आणि वर सुतळीची घट्ट गाठ मारली. "आता गंजाची काय बिशाद," म्हणाला. मायेनेच केलं हो त्याने, पण आत आमचा जीव गुदमरला.

या जुलैत, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, जोराचा बर्फ पडला आणि वीज गेली. इयनचं ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं. त्याच्याजवळच्या सिलिंडरमध्ये दुपारपुरताच ऑक्सिजन होता आणि ढगांमुळे हेलिकॉप्टर येईना. मृदुलाने अडीअडचणीसाठी घरी ठेवलेला दवाखान्याचा भरलेला सिलिंडर दाराशी आणला. विवेकने आमच्या पिशवीची गाठ सोडली, तर आम्ही गंजून एकमेकींना चिकटलेल्या.

"अगं, नीट बांधून ठेवल्या होत्या मी," तो रडवेला होऊन म्हणाला.

"ते नंतर बघू. इयनला फोनवर धड बोलताही येत नाहीये. तू ठोक, मी तेल ओतते."

एकेक कडी हातोडीने सुटी होत होती. मी सहसा कशाला भीत नाही, पण त्या सकाळी इयनसाठी भ्याले. शेवटी आम्ही चाकांवर चढलो. थोडं पुढे जाऊन विवेक उतरला आणि त्याने आम्हाला पुन्हा आवळलं, इयननेच शिकवलं होतं तसं. चढावर ट्रॅक्टर मागे घसरू लागला, तेव्हा मी बर्फात असे दात रोवले की तो मुकाट वर चढला.

इयनचे ओठ निळे पडले होते. मृदुलाने नळी लावली. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. मग त्याने खिडकीतून आमच्याकडे पाहिलं.

"त्यांचं हे काय केलंस रे?"

विवेकने खरं ते सांगितलं.

"ओलं लोखंड कोंडायचं नसतं, विवेक. त्यालाही हवा लागते."

विवेक त्याच्या नाकातल्या नळीकडे बघत उभा राहिला.

मित्रांनो, जपणं म्हणजे बांधून ठेवणं नव्हे. वापरलेली वस्तू पुसा, वाळवा, मोकळ्या हवेत टांगा. बर्फ काही सांगून पडत नाही, आणि त्या दिवशी टेकडीवर तुमचंच माणूस असेल.